षष्ठी, क्रियापद आणि क्विअर वाचन

पुणे विद्यापीठात क्विअर साहित्याच्या अध्यापनाला आर. राज राव यांनी इंग्रजी विभागातून चालना दिली. मराठी विभागांनी मात्र हा अभ्यास इंग्रजीवर सोपवून स्वस्थ राहणे इष्ट नव्हे. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या शीर्षकातील षष्ठी पुल्लिंगी ‘मित्र’ आणि स्त्रीवर प्रेम करणारी नायिका ‘मित्रा’ या दोहोंना एकाच रूपात सामावते. ‘अ फ्रेंड्स स्टोरी’ या अनुवादात ती द्व्यर्थता उरत नाही. कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) तनय प्रियकराला ‘तू’ म्हणून संबोधतो. ‘मी गेलो’, ‘तू आलास’ यांसारखी मराठी क्रियापदे दोघांचेही पुल्लिंग उघड करतात. इंग्रजी सर्वनामे ते झाकतात. या संहिता मराठीत शिकवल्या नाहीत, तर व्याकरणातच वसलेला हा अर्थ विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणार नाही.