वाटेचे पुस्तक आणि मुक्कामाचे पुस्तक

प्रवासवर्णनाला मराठी समीक्षेने वाङ्मयप्रकाराचा मान दिला. पण वाट दाखविणाऱ्या पुस्तकांकडे, म्हणजे कुठे उतरावे, कोणत्या बाजूने चढावे आणि पाणी कोठे मिळेल हे सांगणाऱ्या मार्गदर्शिकांकडे, तिने फारसे लक्ष दिलेले नाही. अशी पुस्तके एसटीच्या वेळापत्रकासारखी वापरावयाची आणि झिजली की टाकून द्यावयाची, अशीच आपली समजूत आहे. तथापि एखादा समाज आपल्या भूमीकडे कसा पाहतो, तिच्यातील कोणती गोष्ट त्याला नोंदण्याजोगी वाटते आणि कोणती दिसतच नाही, हे ललित लेखनाइतकेच ह्या साध्या पुस्तकांतूनही कळते. म्हणून त्यांची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

संगमनेरच्या वाचकाला पश्चिमेकडील डोंगर जवळचे. प्रवरा ज्या डोंगरांतून उतरते ते रतनगडाचे खोरे, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, हरिश्चंद्रगड, पट्टागड ही सारी शेजारच्या अकोले तालुक्यातील किंवा त्याच्या सीमेवरील ठिकाणे. पेमगिरीचा किल्ला तर संगमनेर तालुक्यातलाच. ह्या ठिकाणांविषयी मराठीत लेखनाची वाण नाही. गो. नी. दांडेकरांनी दुर्गभ्रमणाला भक्तीची भाषा दिली. प्र. के. घाणेकरांच्या ‘साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची’ ह्या ग्रंथाने किल्ल्यांची माहिती शिस्तीने एकत्र आणली. आनंद पाळंदे ह्यांच्या ‘डोंगरयात्रा’ ह्या पुस्तकाने डोंगररांगा आणि घाटवाटा ह्यांचा संगतवार परिचय करून दिला. हरीश कापडियांनी हेच काम इंग्रजीत केले. समुद्रकिनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे शासकीय नकाशे सर्वसामान्यांना सहजी मिळत नसत, अशा काळात ह्या मंडळींनी वाटा पायांनी मोजल्या आणि हातांनी रेखाटल्या. २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर परिस्थिती सुधारली. त्यापूर्वी केलेल्या ह्या श्रमांचे मोल म्हणूनच अधिक. त्यांचे ऋण आधी मान्य करूनच पुढील आक्षेप मांडावयाचा आहे.

आक्षेप असा की, आपली मार्गदर्शिका बहुधा मुक्कामाचे पुस्तक असते. तिचा सांगाडा ठरलेला आहे. प्रथम ‘पायथ्याचे गाव’ येते आणि तेथवर जाणाऱ्या एसटीचा उल्लेख होतो. मग चढणीची दिशा, दरवाजे, टाकी, तटबंदी आणि इतिहास. हरिश्चंद्रगडासाठी पाचनई आणि खिरेश्वर, कळसूबाईसाठी बारी, रतनगडासाठी रतनवाडी. ह्या गावांची नावे हजारो तरुणांच्या तोंडी आहेत. पण ती केवळ डोंगराच्या पायऱ्या म्हणून. पाचनईचा माणूस बाजाराला कोणत्या वाटेने जातो, त्याच्या वाटेवर कोणते देवस्थान आहे, कोणत्या ओढ्याला पावसाळ्यात उतार मिळत नाही, ह्यांविषयी पुस्तक बहुधा मौन पाळते. महादेव कोळी आणि ठाकर ह्यांच्या पिढ्यांनी ज्या वाटा मळून ठेवल्या, त्या ‘गडावर जाणाऱ्या वाटा’ ह्या नावाने छापल्या जातात. पेमगिरीचेही तसेच. शहाजीराजांनी १६३२-३३ च्या सुमारास तेथे बाल मुर्तजा निजामशहाला गादीवर बसविले, ही गोष्ट आपण अभिमानाने वाचतो, गावचा विस्तीर्ण वटवृक्ष पाहतो आणि आल्या रस्त्याने परत फिरतो. पेमगिरीहून शेजारच्या गावी चालत कसे जावे, हा प्रश्नच आपल्याला पडत नाही.

हा प्रश्न ज्यांना पडला अशांची पुस्तके कशी असतात, हे पाहण्यासाठी इंग्लंडमधील एका ग्रामीण परगण्याकडे वळू. वेस्टमोरलंड हा १९७४ पर्यंत स्वतंत्र असलेला डोंगराळ, मेंढपाळांचा परगणा. तेथील केंडल ह्या गावी (नावाने राहुरी तालुक्यातील आपल्या केंदळची आठवण करून देणाऱ्या) आल्फ्रेड वेनराइट नावाचे गृहस्थ नगरपालिकेच्या खजिनदाराचे काम करीत. १९५२ साली त्यांनी ह्या परगण्यातील व शेजारच्या सरोवरप्रदेशातील डोंगरांची सचित्र मार्गदर्शिका हाती घेतली. स्वतःची मोटार नव्हती. सुटीच्या दिवशी बसने जावे, दिवसभर चालावे, आणि रात्री घरी बसून पाने लिहावीत, असा क्रम १३ वर्षे चालला. १९५५ ते १९६६ ह्या काळात सात खंड प्रसिद्ध झाले. त्यांत २१४ डोंगर आले. अक्षर, नकाशा, चित्र, सारे त्यांच्याच हातचे. छापखान्याच्या खिळ्यांना त्यांत काम नव्हते.

ह्या पुस्तकांचे खरे मर्म त्यांच्या नकाशांच्या खुणांत आहे. पायवाटेसाठी तेथे एकच खूण नाही. धुक्यातही चुकणार नाही अशी ठळक वाट निराळी, मधूनमधून पुसट होणारी निराळी, आणि जेथे वाट नाही पण जाता येईल अशी दिशाही निराळी. दगडी कुंपणभिंत धड आहे की पडकी आहे, हेही खुणेने कळते. दुसरा खंड त्या भिंती रचणाऱ्यांना अर्पण केलेला आहे, तर चौथा तेथल्या मेंढ्यांना. म्हणजे शिखर हे निमित्त. पुस्तकाचा विषय आहे तेथवरचे प्रत्येक पाऊल आणि ते पाऊल ज्यांच्यामुळे पडू शकले त्यांचे श्रम. वाटा बदलल्या म्हणून २००५ ते २००९ ह्या काळात ख्रिस जेस्टी ह्यांनी हे खंड पुन्हा चालून सुधारले. वाट ही जिवंत वस्तू आहे आणि तिची नोंद वेळोवेळी ताजी करावी लागते, ही जाणीव त्यामागे आहे.

परंतु वेनराइटांच्या पुस्तकाखाली आणखी एक पाया आहे आणि तो कायद्याचा आहे. इंग्लंडात चालण्याचा हक्क आकाशातून पडला नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये डर्बीशायरमधील किंडर स्काउट ह्या पठारावर, जमीनदारांच्या बंदीला न जुमानता, शेकडो कामगार तरुण चालून गेले आणि त्यांतील काहींना तुरुंगवास घडला. १९४९ साली पार्लमेंटने कायदा केला. प्रत्येक परगण्याच्या परिषदेने आपल्या हद्दीतील सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करावा असे ठरले. आज इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर अशा वाटा नोंदलेल्या आहेत. त्या खासगी शेतांतून जातात, तरी त्यांवरून कोणीही चालू शकतो; त्याने कारण सांगावे लागत नाही.

वेनराइटांतही उणिवा आहेत. त्यांना एकांत प्रिय होता. त्यांच्या पानांवर माणसे क्वचितच भेटतात. ज्या एकांताचे त्यांनी वर्णन केले त्याच्याच शोधात पुढे इतके लोक आले की, काही वाटांची धूप झाली. ह्याच्या अगदी उलट टोकाला आपल्याकडे इरावती कर्वे ह्यांचा ‘परिपूर्ती’ संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख आहे. पंढरीच्या वाटेवर त्यांना माणसे दिसली, त्यांची सुखदुःखे दिसली, आणि एका पंक्तीला न बसणाऱ्या जातींमधील भेगाही दिसल्या. तेथे नकाशा नाही, पण वाट आहे. एकाकडे भूमी आहे, दुसरीकडे समाज आहे. आपल्याला हव्या असलेल्या पुस्तकात ही दोन्ही एकत्र यावयास हवीत.

असे पुस्तक संगमनेरसाठी लिहिता येईल काय? साधने आपल्याजवळ आहेत, हे अनेकांस ठाऊक नसते. भूमिअभिलेख खात्याच्या गावनकाशावर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. वाट अडविली गेल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, तहसीलदाराकडे दाद मागता येते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम शेताच्या बांधावरून जाण्याचा हक्क ठरविण्याचा अधिकार तहसीलदारास देते. पण हा हक्क मुख्यतः शेतकऱ्याला आपल्या शेतात पोहोचता यावे म्हणून आहे. केवळ चालणाऱ्याची गणना तेथे नाही. २०२१ साली राज्य शासनाने पाणंद रस्त्यांसाठी योजना जाहीर केली. तिचाही रोख शेतमाल आणि यंत्रे नेण्याकडे आहे. तो योग्यच आहे. तरी पायी चालणारा माणूस कायद्यात, योजनेत आणि पुस्तकात, तिन्ही ठिकाणी उपराच राहिला.

ह्या संदर्भात ‘वहिवाट’ हा आपला शब्द विचार करण्याजोगा आहे. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) ह्यांच्या सर्वांना पाठ असलेल्या फटक्यात तो आहे, आणि तहसील कचेरीच्या दप्तरातही आहे. कवीला तो वागणुकीसाठी हवा होता, कारकुनाला कब्ज्यासाठी हवा असतो. दोहोंच्या मुळाशी कल्पना एकच: सतत वापरल्याने जे टिकते ते. वाट चालली नाही की नांगराखाली जाते. एक हंगाम ऊस उभा राहिला की तुटक रेषा कागदावरच उरते. म्हणून वाटेचे पुस्तक हे वहिवाट राखण्याचेही साधन आहे. ते वाचून माणसे चालतील आणि चालल्यामुळे वाट राहील.

आपल्या समाजाला ह्या प्रश्नाचे विशेष सोयरसुतक असावयास हवे. ह्या जिल्ह्यातील ख्रिस्ती वस्ती एका गावी एकवटलेली नाही. ती वाड्यावस्त्यांवर विखुरलेली आहे. ह्या वस्त्या मिस्सेसाठी, संस्कारांसाठी, मुलांच्या शाळेसाठी धर्मग्रामाशी जोडल्या गेल्या त्या पायवाटांनीच. जुन्या काळी मिशनरी आणि मास्तर ह्याच वाटांनी गावोगाव पोहोचत. हरेगावी १९४९ पासून भरणाऱ्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात भाविक पायीही जातात. संगमनेरहून निघणाऱ्याला लोणी, बाभळेश्वर, श्रीरामपूर असा डांबरी रस्ताच ठाऊक असतो, आणि त्या रस्त्यावर त्याच्या जपमाळेच्या शेजारून अवजड वाहने धावत असतात. पाणंदींनी, ओढ्याकाठांनी, गावागावांतून जाणारी वाट कोणी शोधून लिहून ठेवली, तर म्हाताऱ्या माणसांचा आणि लेकुरवाळ्या स्त्रियांचा जीव सुरक्षित राहील. एखाद्या मार्गदर्शिकेची किंमत ह्याहून नेमकी कशी सांगावी?

कोणी म्हणेल, घरोघरी मोटारसायकल आली, आता चालतो कोण? ज्याच्या घरी ती एकच आहे आणि ती मुलगा घेऊन गेला आहे, त्या घरातील बाकी सारे चालतात. दुसरा कोणी म्हणेल, शेतातून अनोळखी माणसे नेणारे पुस्तक शेतकऱ्याला कसे रुचेल? ही शंका रास्त आहे. म्हणूनच ते पुस्तक शेतकऱ्यांना विचारून, फाटक लावावे, पीक तुडवू नये, विहिरीवर परवानगी घ्यावी, ह्या शिष्टाचारासह लिहिले पाहिजे. बाहेरच्या हौशी प्रवाशाला हे जमणार नाही; ते तेथल्याच माणसांनी करावे.

शुभवर्तमानकार संत लूक जेरुसलेमपासून एमाऊसचे अंतर नोंदवून ठेवतो. आपल्या मोजमापात ते अकराएक किलोमीटर भरते. तरीही ते गाव नेमके कोणते, ह्यावर विद्वानांचे एकमत नाही. काही हस्तलिखितांत अंतराचा आकडाच वेगळा आहे. मुक्काम असा अनिश्चित राहिला, पण त्या वाटेवर दोन शिष्यांसोबत कोण चालले आणि काय बोलणे झाले, हे ख्रिस्तसभा विसरलेली नाही.

काम फार मोठे नाही. प्रत्येक गावातील दोन जाणत्यांनी आणि दोन शाळकरी मुलांनी गावनकाशाची नक्कल घेऊन एक तुटक रेषा चालून पाहावी. ती ठळक आहे, पुसट आहे की नांगरली गेली आहे, ह्याची प्रामाणिक खूण करावी. वाटेतले पाणी, सावली आणि माणसांच्या आठवणी लिहाव्यात. अशी पंचवीस-तीस पाने जमली की संगमनेर तालुक्याच्या वाटांचे पहिले पुस्तक तयार होईल. अर्पणपत्रिकेत कोणाचे नाव घालावे हा प्रश्नही उरणार नाही. अनवाणी चालून ज्यांनी त्या वाटा मळल्या, ते आपल्याच घरांतले होते.