नव्याण्णवाचा फेरा

गेली २० वर्षे मी बँकेत लोकांच्या पैशांची बेरीज करतो आहे. दहा पैशांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत चैन पडत नाही. असा हा बी.कॉम. गृहस्थ परवा स्वतःच्या विनोदी लेखांच्या ई-पुस्तकाची किंमत ठरवायला बसला आणि तासभर नुसता पेन चावत राहिला.

छापील पुस्तकाचे सोपे असते. कागद, छपाई, बांधणी, विक्रेत्याचे कमिशन आणि वर चार पैसे. ई-पुस्तकाची हजारावी प्रत काढायला दमडीही लागत नाही. मग किंमत लावायची कशाची? पुस्तक ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या दुकानात ठेवायचे होते. मी संकोचाने ९९ सेंट लिहिले.

"अहो, पुस्तक आहे की बाटाची चप्पल?" सौ. म्हणाली.

मग मी नियम वाचले. किंमत २.९९ ते ९.९९ डॉलर या पट्ट्यात ठेवली, तर लेखकाला ७० टक्के मिळू शकतात. पट्ट्याच्या खाली किंवा वर गेलात की ३५. म्हणजे ९९ सेंटांत मला सुमारे ३५ सेंट आणि २.९९ ला दोन डॉलर नऊ सेंट! तेवढ्या कमाईसाठी स्वस्तातल्या सहा प्रती खपायला हव्यात. माझे सहा वाचक मला नावानिशी ठाऊक आहेत, सहाही फुकटे! बरे, लोभाने ९.९९ चे १० करावेत, तर हातात सात डॉलरऐवजी साडेतीन. एका सेंटापायी निम्मे उत्पन्न गेले! शिवाय ७० टक्केवाल्यांकडून फाइलच्या आकाराप्रमाणे दर एमबीला १५ सेंट वाहतूकखर्च कापतात. ज्याला वजनच नाही, त्याची हमाली!

पण माझी तक्रार दुकानदाराविरुद्ध नाही. त्याने कोष्टक तरी उघड मांडले आहे. तक्रार आहे ती आम्हा लेखकांविरुद्ध. प्रत काढायला खर्च नाही, म्हणून मजकुरालाही किंमत नाही, असे आम्ही परस्पर धरून चालतो. चार वर्षे रात्री जागून लिहिले, त्याचे व्हाउचर कोणी फाडलेले नसते ना! स्वस्ताईला आम्ही विनय म्हणतो. खरे म्हणजे ती भीती असते. पुस्तक पडले तर "तसे ९९ सेंटांचेच होते" म्हणायला बरे.

शेवटी छातीवर हात ठेवून २.९९ लिहिले. महिन्याभरात एक प्रत खपली. न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन आला, "काका, मीच घेतली. वाचायची राहिलीय."

मी अभिमानाने डायरीत दोन डॉलर नऊ सेंट जमा लिहिले. सौ.ने चष्मा लावून आकडा पाहिला.

"हमाली वजा केलीत का?"