रविकिरण मंडळ आणि आमचे तरुण लेखक

तरुण लेखकांनी पुस्तकवाचनाचे मंडळ काढावे, गावे दूर असल्यास संगणकाच्या पडद्यावर भेटावे, हा विचार आम्हांस स्वागतार्ह वाटतो. मात्र तत्पूर्वी १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाकडे त्यांनी चिकित्सक दृष्टीने पाहावे.

माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर व मनोरमा रानडे हे दांपत्य आदी मंडळी चहापानास जमत आणि एकमेकांच्या कविता ऐकत. त्याच वर्षी त्यांचा ‘किरण’ हा संग्रह निघाला. यशवंत-गिरीशांच्या काव्यगायनामुळे कविता सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचली. हे त्यांचे ऋण मराठीने मान्य केलेच पाहिजे.

तथापि, सहवासाने उत्साह वाढतो, तशा लकबीही सारख्या होऊ लागतात. केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्रे यांनी, ‘झेंडूची फुले’ (१९२५) या विडंबनसंग्रहात तत्कालीन कवींच्या अशा लकबींची मनसोक्त थट्टा केली. जे मित्रांनी बैठकीत सांगावयाचे, ते विडंबनकाराने चारचौघांत सांगितले! उलट, माधव जूलियनांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ पाहावा. कवितेमागे केवढा व्यासंग असावा लागतो, हे त्यावरून कळते.

म्हणून आमची सूचना अशी की, मंडळाने आरंभीचे काही महिने केवळ इतरांची पुस्तके वाचावीत व त्यांतील गुणदोष सकारण मांडावेत. परक्या लेखनाविषयी स्पष्ट बोलण्याची सवय जडली, की मगच आपापल्या वह्या उघडाव्यात. तेव्हा मित्राने दाखविलेला दोष जिव्हारी लागणार नाही. तो घरी जाऊन दुरुस्त करावासा वाटेल.