विस्तार की पाल्हाळ? : ‘द फ्रॅजाइल’ या डबल अल्बमविषयीच्या रसिकमतभेदांचा विचार

प्रस्तावना

कलाकृतीविषयी रसिकांत मतभेद होणे स्वाभाविक असते. काही मतभेद मात्र आवडीनिवडीपुरते राहत नाहीत. कलाकृती कशी ऐकावी, तिला किती वेळ द्यावा आणि तिचे मोल कोणत्या मापाने ठरवावे, असे मूलभूत प्रश्न ते उपस्थित करतात. ‘नाइन इंच नेल्स’ या अमेरिकन इंडस्ट्रियल रॉक समूहाचा ‘द फ्रॅजाइल’ हा डबल अल्बम सप्टेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून त्याचे श्रोते दोन पक्षांत विभागले गेले. एका पक्षाच्या मते ही संगीतकार ट्रेन्ट रेझ्नर यांची सर्वश्रेष्ठ निर्मिती होय. दुसऱ्या पक्षाच्या मते एका तबकडीचा ऐवज येथे दोन तबकड्यांवर पसरवला आहे.

हा वाद समजून घेण्यास मराठी रसिकाच्या नित्य परिचयाचे दोन शब्द उपयोगी पडतात : ‘विस्तार’ आणि ‘पाल्हाळ’. दोहोंत लांबी असते. विस्तारात प्रत्येक आवर्तनागणिक मूळ कल्पनेचे एखादे नवे अंग उघड होते. पाल्हाळात सांगून झालेलेच पुन्हा सांगितले जाते. ‘द फ्रॅजाइल’ची लांबी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

यंत्रध्वनी आणि संगीत

यंत्रयुगाचा कोलाहल हे संगीताचे द्रव्य होऊ शकते, हा विचार इटालियन चित्रकार लुइजी रुसोलो यांनी १९१३ मध्येच मांडला होता. १९७६ मध्ये इंग्लंडमधील ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या समूहाने ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका संस्था स्थापन केली आणि या प्रवाहास नाव मिळाले. १९८० मध्ये बर्लिनमध्ये उदयास आलेल्या ‘आइन्श्टुर्झेंडे नॉयबाउटेन’ या समूहाने लोखंडी पत्रे आणि ड्रिल यांनाच वाद्ये मानले. रेझ्नर यांनी ‘प्रिटी हेट मशीन’ (१९८९) आणि ‘द डाउनवर्ड स्पायरल’ (१९९४) या अल्बममधून या कर्कश ध्वनिविश्वाला गीताची बांधणी दिली व ते लक्षावधी श्रोत्यांपर्यंत नेले.

छत्रपती संभाजीनगरच्या श्रोत्याला हे ध्वनिविश्व वाटते तितके परके नाही. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींनी या शहराचे जीवनमान घडविले आहे. जालना रस्त्यावरील क्रांती चौकात वाहनांचे हॉर्न, मोर्च्यांच्या घोषणा, मिरवणुकीतील ढोल-ताशे आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती यांचा एकत्रित आवाज हा नागरी अनुभवाचाच भाग आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी व्यापारी क्षेत्रासाठी दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल अशी मर्यादा घातली. परंतु मापकयंत्र आवाजाचे प्रमाण सांगते, त्याची रचना सांगत नाही. कोंडीत अडकलेल्या वाहनांचा गोंगाट आणि ताशाची तर्री यांचे आकडे समान येऊ शकतील. कानाला मात्र दुसऱ्यातील लय तत्काळ उमगते. इंडस्ट्रियल संगीताचा सारा दावा कानाच्या या विवेकावर उभा आहे.

तथापि, “दिवसभर हेच ऐकायचे, मग घरी येऊन पुन्हा तेच कशासाठी?” हा आक्षेप अज्ञानातून येतो असे मानणे अन्यायाचे ठरेल. यंत्राचा आवाज ज्याच्या पोटापाण्याशी बांधलेला आहे, त्याला त्या आवाजातील सौंदर्य पाहण्याइतके अंतर सहज मिळत नाही. या आक्षेपाला उत्तर असलेच, तर ते कलाकृतीच्या रचनेत सापडले पाहिजे.

अल्बमची रचना

‘द फ्रॅजाइल’मध्ये ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ अशा दोन तबकड्यांवर एकूण २३ रचना असून त्यांचा कालावधी सुमारे १०४ मिनिटे आहे. निर्मिती रेझ्नर आणि अ‍ॅलन मोल्डर यांची आहे. जमलेल्या विपुल सामग्रीचा क्रम लावण्यासाठी पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’ (१९७९) या डबल अल्बमच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या बॉब एझ्रिन यांना पाचारण करण्यात आले. स्वतंत्र क्रमकाराची गरज भासावी, ही बाबच पुरेशी बोलकी आहे. रचना तयार होत्या. प्रश्न त्यांच्या परस्परसंबंधाचा होता.

हा संबंध प्रामुख्याने आवर्तनशील स्वराकृतींनी साधला आहे. ‘द फ्रेल’ या छोट्या पियानोरचनेतील चाल पुढे शीर्षकगीतात शब्दांसह परतते. ‘ला मेर’ या सागरविषयक रचनेतील स्वराकृती दुसऱ्या तबकडीवरील ‘इन्टू द व्हॉइड’मध्ये निराळ्या गतीने व निराळ्या भावाने येते. ‘समव्हॉट डॅमेज्ड’मध्ये एका लहानशा गिटारवाक्यावर थरावर थर चढत जाऊन अखेर आवाज फाटेपर्यंत ताणला जातो. लगेच येणाऱ्या ‘द डे द वर्ल्ड वेन्ट अवे’मध्ये तालवाद्यच नाही. दोन तबकड्यांवर विखुरलेल्या शब्दविरहित रचना गीतांच्या मधल्या पोकळ्या भरीत नाहीत. गीतांत बोलता न आलेले त्या बोलतात.

म्हणजेच येथे कर्कशता सलग नाही. तिच्या आधी आणि नंतर शांतता योजलेली आहे, आणि त्या शांततेमुळेच कर्कशतेला अर्थ येतो. चौकातील गोंगाट आणि हे संगीत यांतील मुख्य भेद हाच होय. पहिल्याला आरंभ-अंत नसतो. दुसऱ्याला कोणीतरी विचारपूर्वक सीमा घातलेली असते.

दोन पक्ष

प्रकाशनानंतरचा प्रतिसाद या दुभंगाचे प्रत्यक्ष चित्र होता. पहिल्या आठवड्यात सुमारे २,२८,००० प्रती विकल्या जाऊन अल्बम ‘बिलबोर्ड’च्या यादीत प्रथम स्थानी आला, पुढल्याच आठवड्यात तो सोळाव्या स्थानावर घसरला. ‘स्पिन’ या नियतकालिकाने त्याला त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट अल्बम ठरविले, तर ‘पिचफोर्क’ने दहापैकी अवघे दोन गुण दिले. एकाच कृतीविषयी एवढी तफावत पडते, तेव्हा दोघांनी एकच वस्तू ऐकली काय, असा प्रश्न विचारणे भाग पडते.

आक्षेपकांचा मापदंड सुटे गीत हा आहे. त्यांचे मुद्दे तीन : स्मरणात राहतील अशी गीते मोजकी आहेत, शब्दांत वैफल्याची तीच ती प्रतिमासृष्टी फिरत राहते, आणि १९९४ च्या अल्बममधील एकाग्रता येथे पातळ झाली आहे. समर्थकांचा मापदंड समग्र कृती हा आहे. त्यांच्या मते ढासळणे, सावरू पाहणे आणि पुन्हा ढासळणे हाच या कृतीचा आशय असल्यामुळे पुनरावृत्ती व थकवा ही तिची अंगे ठरतात. दोन्ही पक्ष आपापल्या मापदंडाशी प्रामाणिक आहेत. परंतु मापदंडाच्या निवडीविषयी क्वचितच बोलतात.

मराठी संगीतव्यवहारातील साम्यस्थळे

मराठी रसिकाला हा पेच नवा नाही. बालगंधर्वांचे नाट्यपद ७८ गतीच्या तबकडीवर सुमारे तीन मिनिटांत संपत असे. तेच पद रंगभूमीवर ‘वन्स मोअर’च्या गजरात कितीतरी लांबत असे. नाटक पाहावयास आलेल्याला त्यामुळे कथानक खोळंबल्यासारखे वाटे. गाणे ऐकावयास आलेल्याला त्याचसाठी आल्याचे समाधान लाभे. विस्तार आणि पाल्हाळ यांतील सीमारेषा काही अंशी श्रोत्याच्या अपेक्षेत असते, याचा इतका बोलका दाखला दुसरा नसेल.

कुमार गंधर्वांनी १९६५ मध्ये ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला, तेव्हाही रसिकांत दोन तट पडले. जुन्या आठवणींची हुबेहूब पुनर्भेट ज्यांना हवी होती, त्यांची निराशा झाली. शीर्षकातील ‘मला उमजलेले’ या शब्दांकडे ज्यांनी लक्ष दिले, त्यांना एका गायकाने दुसऱ्याचे केलेले भाष्य ऐकावयास मिळाले. ‘द डाउनवर्ड स्पायरल’च्या दुसऱ्या भागाची वाट पाहणारा श्रोता आणि ‘द फ्रॅजाइल’ ऐकू पाहणारा श्रोता यांच्यातील अंतर याच जातीचे आहे.

साम्याला मर्यादाही आहे. मैफलीतील विस्तार समोरच्या श्रोत्याच्या प्रतिसादाने आकार घेतो आणि कंटाळ्याची चाहूल लागताच गवई आवरते घेऊ शकतो. ध्वनिमुद्रित अल्बमला ही सोय नसते. तेथे संयमाची संपूर्ण जबाबदारी रचनाकाराने एकट्याने, स्टुडिओच्या बंद दाराआड पार पाडावयाची असते.

मूल्यमापन

या निकषावर पाहता पहिली तबकडी निःसंशय विस्ताराची आहे. ‘ला मेर’पासून ‘द ग्रेट बिलो’पर्यंतचा तिचा शेवट आधीच्या सर्व तणावाला सागराच्या एकाच प्रतिमेत विसर्जित करतो. दुसऱ्या तबकडीविषयी असे सरसकट म्हणता येत नाही. प्रसिद्धीच्या हव्यासावरील उपरोधिक गीत तेथील अंतर्मुख भाववृत्तीला छेद देते. ‘प्लीज’सारख्या गीतात पहिल्या तबकडीवर अधिक तीव्रतेने सांगितलेलेच पुन्हा येते. येथे समर्थकांचा ‘थकवा हाच आशय’ हा युक्तिवाद अपुरा पडतो, कारण त्या न्यायाने कोणताही दोष गुण म्हणून खपविता येईल. थकव्याचे चित्रण करणे वेगळे आणि श्रोत्याला थकविणे वेगळे.

परंतु आक्षेपकांनी सुचविलेला उपाय, म्हणजे निवडक गीतांची एक तबकडी, हाही स्वीकारार्ह नाही. ‘द फ्रेल’ वगळले की शीर्षकगीतातील चाल ओळखीची राहत नाही. ‘ला मेर’ गाळले की ‘इन्टू द व्हॉइड’ केवळ एक ठेकेदार गीत उरते. पाल्हाळ कापताना विस्ताराचीही नस कापली जाते. काही रचना शिथिल असूनही संपूर्ण कृती आवश्यक ठरते, अशा दुर्मीळ वर्गात हा अल्बम मोडतो.

पुढील काळानेही या निष्कर्षास पुष्टी दिली आहे. रेझ्नर यांनी अ‍ॅटिकस रॉस यांच्यासह दिलेल्या ‘द सोशल नेटवर्क’ (२०१०) आणि ‘सोल’ (२०२०) या चित्रपटांच्या पार्श्वसंगीतास ऑस्कर पुरस्कार लाभले. १९९९ मध्ये अनेकांना भरताड वाटलेल्या वाद्यरचनांतच या संगीताची बीजे होती. २०१७ मध्ये अल्बमची नवी आवृत्ती आणि सोबत ‘डेव्हिएशन्स १’ ही शब्दविरहित आवृत्ती निघाली, तेव्हा शब्द बाजूस काढूनही रचना उभी राहते, हे श्रोत्यांना पडताळता आले.

निष्कर्ष

‘द फ्रॅजाइल’विषयीचा मतभेद मुळात मापदंडांचा मतभेद आहे. सुटे गीत हे माप धरल्यास आक्षेप बव्हंशी खरे ठरतात. समग्र कृती हे माप धरल्यास ते अंशतः खरे ठरतात. समीक्षेचे काम एका पक्षाला विजयी घोषित करण्याचे नसून प्रत्येक रचनेपाशी थांबून ‘येथे नवे काय उघड झाले?’ हा प्रश्न विचारण्याचे आहे. एकेक गीत सुटे करून, क्रम उलटासुलटा करून ऐकण्याची सवय आज विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडली आहे. अशा वेळी १०४ मिनिटे मागणारी कृती वर्गात चर्चेस घेणे म्हणजे सलग ऐकण्याच्या क्षमतेचाच प्रश्न चर्चेस घेणे होय. ती क्षमता गमावलेल्या श्रोत्याला विस्तारही पाल्हाळच वाटेल, आणि ते मत त्याचे आहे की त्याच्या सवयीचे, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.