विमानवाहतूक-नियंत्रकांचे निवृत्तिवेतन : एक आक्षेप

अमेरिकेतील विमानवाहतूक-नियंत्रकांच्या निवृत्तीसंबंधी १९७२ साली झालेल्या कायद्याची चर्चा बहुधा त्यातील सवलतीपुरतीच होते. वयाची ५० व सेवेची २० वर्षे, अथवा कोणत्याही वयात सेवेची २५ वर्षे पुरी होताच निवृत्त होता येते, हे खरे. परंतु त्याच कायद्याने पुढे नेमल्या जाणाऱ्यांस ५६व्या वर्षी सामान्यतः खुर्ची सोडणेही भाग पाडले. या कामाने अवधान लवकर झिजते, हे त्यामागील गृहीतक. (गजबजलेल्या केंद्रातील आणि लहानशा मनोऱ्यातील झीज एकाच पंचांगाने मोजावी काय, हा प्रश्न कायद्यास पडलेला नाही.)

झीज मान्य करून राज्य ज्यास घरी पाठविते, त्याच्या निर्वाहाचा भारही राज्यानेच उचलावयास हवा. जुन्या योजनेत सर्वाधिक वेतनाच्या सलग तीन वर्षांच्या सरासरीच्या निदान निम्मे निवृत्तिवेतन ठरलेले होते. १९८७ पासून अमलात आलेल्या योजनेत पहिल्या २० वर्षांस दरसाल १.७ टक्के, पुढे अवघा १ टक्का. म्हणजे २५ वर्षांस ३९ टक्के. जुन्या योजनेत नसलेली सामाजिक सुरक्षा, ६२व्या वर्षापर्यंतची पूरक रक्कम आणि स्वतःची बचत यांची जोड आता आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि बचतीचे मोल बाजार ठरवितो. भाव कोसळले असता इतर सेवक आणखी चार वर्षे नोकरी लांबवू शकतो. नियंत्रकास आपल्या जागी ती मुभा नाही.