एकखोली शाळांचे जतन : ‘बनगरवाडी’ आणि पोलादपूर

प्रस्तावना

किल्ले, मंदिरे व वाडे यांना वारसा-संवर्धनाच्या चर्चेत जे स्थान लाभले, ते ग्रामीण भागातील कौलारू एकखोली शाळेला लाभले नाही. वस्तुतः १९६४ च्या व्हेनिस सनदेने भव्य कलाकृतींबरोबरच कालौघात सांस्कृतिक अर्थ प्राप्त झालेल्या साध्या वास्तूंचाही वारशात समावेश केला आहे. पोलादपूर तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरील जुन्या शाळांचा या दृष्टीने विचार करताना व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही कादंबरी मार्गदर्शक ठरते.

विवेचन

औंध संस्थानातील धनगरवस्तीवर आलेला तरुण मास्तर हा या कादंबरीचा निवेदक आहे. मेंढरांमागे जाणारी मुले शाळेत यावीत, यासाठी त्याला प्रथम कारभाऱ्याचा व गावाचा विश्वास संपादन करावा लागतो. पुढे गावकऱ्यांच्या श्रमातून तालीम उभी राहते. परंतु दुष्काळाने गाव रिते होते. शाळा ही वास्तूपेक्षा माणसांच्या परस्परसंबंधांची रचना आहे, हे सूत्र यातून स्पष्ट होते.

पोलादपूरचे वास्तव याच्या उलट वाटेने त्याच ठिकाणी पोहोचते. येथे पाऊस मुबलक आहे. तरीही पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरल्याने वाड्या ओस पडतात व पटसंख्या घटते. शाळा बंद झाली की पावसाळ्यापूर्वीची शाकारणी थांबते, फुटक्या कौलांतून पाणी झिरपते, वासे कुजतात आणि मातीच्या भिंती खचतात. अखेरीस ‘निर्लेखन’ या एका शब्दात वास्तूचा इतिहास संपतो.

तथापि, जतनाचा आग्रह भाबडा असू नये. १९८७ च्या खडू-फळा योजनेने प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन खोल्या व दोन शिक्षक असावेत, असे ठरविले. म्हणजे एकखोली शाळा ही शासनाच्या लेखी उणीव होती आणि शैक्षणिकदृष्ट्या ते योग्यच होते. वारशाच्या नावाखाली मुलांना अपुऱ्या खोलीत बसविणे समर्थनीय ठरणार नाही.

दुसरा मुद्दा स्मृतीचा आहे. शेजारच्या महाडमध्ये १९२७ साली झालेल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहास सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावाचा आधार होता. त्या ठरावात पाणवठ्यांसमवेत सार्वजनिक शाळांचाही उल्लेख होता. त्यामुळे जुन्या शाळेचे स्मरण करताना आत कोण बसले, याबरोबरच बाहेर कोणाला ठेवले गेले, याचीही नोंद आवश्यक आहे. शाळेचे जनरल रजिस्टर हे म्हणूनच भिंतींइतकेच जतनयोग्य ठरते.

समारोप

समाजोपयोगी वापरामुळे वास्तूचे जतन सुकर होते, असे व्हेनिस सनद सांगते. पट असलेल्या शाळेत नव्या वर्गखोलीशेजारी जुनी खोली वाचनालय म्हणून नांदू शकेल. बंद शाळेत ग्रामसभा, बालवाडी वा स्थानिक दप्तरसंग्रह यांना जागा मिळू शकेल. मात्र वाडीत माणसे राहिली, तरच दरवर्षी कौले शाकारली जातील. म्हणून पोलादपुरातील शाळेचे संवर्धन हा स्थापत्याचा प्रश्न असला, तरी त्याचे उत्तर उपजीविकेच्या प्रश्नाशी बांधलेले आहे. ‘बनगरवाडी’चे रिते गाव हेच सुचविते.