वाकळ मागून बघा

गोधडीवरच्या नोंदींत आणि प्रदर्शनांत एक गोष्ट मला बरेच दिवस खटकतेय. वाकळ (आमच्या अनगोळात गोधडीला वाकळच म्हणतात, कन्नड शेजारीण तिला कौदी म्हणते) भिंतीला टांगायची, समोरून एक फोटो घ्यायचा, चौकोन-त्रिकोण मोजायचे आणि खाली लिहायचं, ‘पारंपरिक भौमितिक रचना’. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? आज्जीच्या वाकळीची नोंद करताना मीही ‘सात उभ्या, पाच आडव्या चौकटी’ एवढं वहीत लिहून मोकळा झालो होतो.

या नजरेला मोठी प्रतिष्ठा मिळाली ती 1971 साली. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातले अमेरिकन क्विल्ट अमूर्त चित्रांसारखे भिंतीवर लावले. क्विल्टला कलेचा मान मिळाला हे खरंच, पण बघणारा पुढच्या बाजूलाच अडकला. तिथल्या पुष्कळ क्विल्टना ते चालूनही जातं, कारण तिथं आधी ठोकळे शिवतात. नऊ तुकड्यांचा ‘नाइन पॅच’, किंवा मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावत वाढणारा ‘लॉग कॅबिन’. असे ठोकळे मांडीवर घेऊन एकेक शिवायचे, जोडून वरचं कापड करायचं, मग मधला थर, खाली अस्तर, आणि शेवटी सगळ्यातून टाके. नक्षी आधी पुरी होते, पांघरूण नंतर.

आमच्याकडं हे दोन्ही एकदमच होतं. सगळ्यात स्पष्ट दिसतं ते हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडच्या सिद्दी बायकांच्या कवंदीत. खाली जुनी साडी अंथरतात, कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेनं तुकडे लावत जातात, प्रत्येकाची कड आत दुमडून. धावदोरा सगळे थर एकाच वेळी धरतो. एक फेरी झाली की तिच्या आत दुसरी, असं करत मध्यावर येतात. शेवटी कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची त्रिकोणी ‘फुलं’ लागतात. अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांचा ‘हाउसटॉप’ दिसायला असाच, चौकटीत चौकट. पण तो मधून बाहेर वाढत जातो. दोघींचे समोरून काढलेले फोटो शेजारी ठेवले तर ही उलटी चाल कळायची नाही.

गेल्या पावसाळ्यात आज्जीची वाकळ एका कडेनं उसवली, तेव्हा माझी नोंद किती कच्ची होती ते कळलं. आत नऊवारी लुगडं होतं, चौपदरी घडीचं. नऊ वाराचे चार पदर केले की सव्वादोन वार, म्हणजे पावणेसात फूट. एका माणसाला पुरेल एवढी लांबी. वाकळीचं माप त्या लुगड्यानंच ठरवलेलं. आणि माझ्या पस्तीस चौकटींतल्या निदान नऊ मूळच्या नव्हत्याच. ती नंतर भोकांवर मारलेली ठिगळं होती, खालचं कापड वेगळ्याच रंगाचं. मी दुरुस्तीला नक्षी समजून बसलो होतो!

शेजारच्या काकूंना विचारलं, सुरुवात मधनं करता की काठानं? त्या हसल्याच. “काठानंच की रे. मधनं घातलास तर काठ कुठं येणार तुला काय ठाऊक?” मग मध्यावर कापडाचा फुगा येत नाही का? “हातानं चापत चापत जायचं. तेवढं तरी नको व्हय?”

हा सगळीकडचा नियम म्हणून मी सांगत नाही. लग्नातल्या एका कौदीत इरकलीचे आणि खणाचे त्रिकोण आधी जोडून चौकोन केलेले मी पाहिलेत. हल्ली बाजारात ठोकळे मशीनवर जोडून, आत पॉलिएस्टर भरून गोधड्या मिळतात. ऊब चांगली, धुवायलाही हलक्या. (आज्जीची वाकळ ओली झाली की पिळायला दोन माणसं लागत.) त्यांना गोधडी खुशाल म्हणा, फक्त ‘आज्जीची पद्धत’ अशी चिठ्ठी लावू नका.

आज्जीच्या वाकळीची नोंद मी आता पुन्हा करतोय, या वेळी पालथी घालून. मागच्या बाजूला ठिगळं दिसत नाहीत, नुसते टाके. कुठली फेरी आधीची, दोरा कुठं संपून दुसऱ्या रंगाचा सुरू झाला, ते तिथं बोटानं धरून जाता येतं. बाहेरच्या तीन फेऱ्या लागल्या आहेत. चौथीत पांढरा दोरा अर्ध्यावर संपतो आणि पुढं निळा येतो, टाकेही मोठे होतात. तिथून पुढं हात आज्जीचा की आत्याचा, ते आत्यालाच विचारायला हवं.